जिभेबाहेरचे चव-रिसेप्टर

गोड, कडू आणि उमामी ओळखणारी जी प्रोटीनं जिभेवर असतात तीच नाकात, श्वासनळीत, जठरात, आतड्यात, स्वादुपिंडात, अगदी पुरुषांच्या वृषणातसुद्धा सापडलीयेत, त्यांना म्हणायचं जिभेबाहेरचे चव-रिसेप्टर. आता आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पुरणाचे मांडे आणि आमरस हाणला की आतड्यालाही गोड लागतं का, तर नाही. चव कळते ती जिभेकडून मेंदूत जाणाऱ्या नसांमुळे, आतड्यातल्या पेशी गोड पदार्थ आल्याचं ओळखतात पण त्याची चव आपल्याला लागत नाही, त्या आपलं काम गुपचूप करतात.

काम कसलं, तर आतड्याच्या अस्तरात एल-पेशी असतात, त्यांच्यावर गोडाचा रिसेप्टर (टी१आर२ आणि टी१आर३ ही जोडी) असल्याचं 2007 मध्ये दाखवलं गेलं. या पेशी जीएलपी-१ हार्मोन सोडतात आणि ते स्वादुपिंडाला इन्सुलिन वाढवायला लावतं. म्हणूनच तेवढंच ग्लुकोज सलाईनमधून दिलं तर इन्सुलिन कमी सुटतं, तोंडावाटे दिलं तर जास्त. अर्थात सगळं श्रेय या रिसेप्टरला देऊ नका, ग्लुकोज पेशीत ओढून घेणारं एसजीएलटी-१ नावाचं प्रोटीनही यात आहे, आणि शुगर-फ्री गोळ्यांनी हार्मोन वाढतं का याचे माणसांवरचे निकाल एकसारखे आलेले नाहीत.

खान्देशातला माणूस इथे लगेच विचारणार की मग तिखटाचं काय. शेवभाजीचा झणका किंवा भरतातली हिरवी मिरची ही शास्त्राच्या हिशोबात चवच नाही. ती टीआरपीव्ही१ या उष्णता आणि वेदना ओळखणाऱ्या रिसेप्टरला लागते, तो 1997 मध्ये सापडला आणि त्यासाठी डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल (दुसऱ्या एका शास्त्रज्ञाबरोबर) मिळालं. हा रिसेप्टर तोंडापासून पचनमार्गाच्या पार शेवटपर्यंत असतो, त्यामुळे भरीत पार्टीची दुसरी सकाळ कशी जाते ते सांगायला नको.

खरी गंमत कडूची आहे. माणसात कडूचे साधारण 25 प्रकारचे रिसेप्टर आहेत, कारण बरीच विषं कडू असतात, भरताचं एखादं वांगं कडू निघालं की तोंड आपोआप वाकडं होतं ते त्यामुळेच. पण नाकात ते जंतूंवर पहारा देतात. टी२आर३८ हा रिसेप्टर स्यूडोमोनास जंतूंची आपापसातली रासायनिक कुजबुज पकडतो, मग पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात, त्याने जंतू मरतात आणि बारीक केसांसारखे तंतू जोरात हलून घाण बाहेर ढकलतात. हे 2012 चं संशोधन. त्याआधी 2010 मध्ये श्वासनळीच्या स्नायूंवर कडूचे रिसेप्टर सापडले होते, तेव्हा अंदाज होता की नळी आवळेल, झालं उलटं, ती सैल पडली! म्हणून लगेच दम्याचा पंप ठेवून कारल्याचा रस सुरू करायचा नाही भो, रस पोटात जातो, फुफ्फुसात नाही, आणि तो प्रयोग पेशींवर आणि उंदरांवर होता.

वृषणातल्या रिसेप्टरचं काम अजून नीट उलगडलेलं नाही, पण 2013 च्या एका प्रयोगात टी१आर३ आणि चवीचा संदेश पेशीत पुढे नेणारं एक प्रोटीन दोन्ही बंद पाडल्यावर नर उंदीर वांझ झाले होते.