विमानतळांवरील खासगी सुरक्षा तपासणी : माहितीची मागणी (अमेरिका)

अमेरिकेतील मोजक्या विमानतळांवर प्रवासी आणि सामान यांची सुरक्षा तपासणी सरकारी नोकर करत नाहीत. ते काम खासगी कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांकडे आहे. या व्यवस्थेची कंत्राटे, खर्चाचे हिशेब, कामगिरीचे अहवाल आणि तक्रारी यांची कागदपत्रे माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली मागण्याची जी रीत तिथे रूढ झाली आहे, तिची ही नोंद. हा कायदा तिकडे ‘फोया’ या लघुनावाने ओळखला जातो. अर्ज वाहतूक सुरक्षा प्रशासनाकडे, म्हणजे टीएसएकडे करावा लागतो. असे अर्ज गुप्ततेवरच अडत असतील असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात कागद कोणाच्या दप्तरात आहे हा प्रश्न त्याहून आधी येतो, आणि बरेच अर्ज तिथेच संपतात.

११ सप्टेंबर २००१ पूर्वी तपासणीची जबाबदारी विमान कंपन्यांवर होती. त्या ती ठेकेदारांकडे सोपवत. पगार तुटपुंजे असत आणि माणसे टिकत नसत. हल्ल्यांनंतर १९ नोव्हेंबर २००१ रोजी अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी विमानवाहतूक सुरक्षेच्या नव्या कायद्यावर सही केली. त्यातून टीएसए अस्तित्वात आली आणि देशभरची तपासणी सरकारी झाली. खासगीकरणाच्या बाजूच्या खासदारांनी याच कायद्यात एक फट मात्र ठेवून घेतली. सॅन फ्रान्सिस्को, कॅन्सस सिटी, रॉचेस्टर, जॅक्सन होल आणि ट्युपेलो या लहानमोठ्या पाच विमानतळांवर प्रयोग म्हणून खासगी तपासनीस नेमले गेले. २००४ मध्ये ही सोय इतर विमानतळांनाही खुली झाली आणि तिला ‘स्क्रीनिंग पार्टनरशिप प्रोग्रॅम’ असे नाव मिळाले. सुमारे ४४० विमानतळांपैकी जेमतेम वीसेकांनी ती स्वीकारली आहे. त्यांत सॅन फ्रान्सिस्को सर्वांत मोठा आहे.

इथे ‘खासगी’ याचा अर्थ पगाराच्या चिठ्ठीवर कंपनीचे नाव, एवढाच धरावा. कंत्राट टीएसए देते, बिलही टीएसएच चुकते करते. यंत्रे तिची, कार्यपद्धतीची पुस्तिका तिची आणि देखरेखीला तिचाच अधिकारी. वेतन व सवलती सरकारी तपासनीसांपेक्षा कमी असता कामा नयेत, असे कायद्यातच लिहिले आहे. विमानतळाचे काम अर्ज करण्यापुरते. कंत्राटाचे पैसे त्याच्या खिशातून जात नाहीत. त्यामुळे एकाच कारभाराचे दप्तर तीन ठिकाणी विभागले जाते : टीएसएकडे, कंपनीकडे आणि विमानतळाच्या मालकाकडे.

१९६६ चा माहिती स्वातंत्र्य कायदा फक्त केंद्रीय खात्यांना लागू आहे. कंपनीला तो लागत नाही. १९८० च्या फोर्शम विरुद्ध हॅरिस खटल्यात हे पक्के झाले. सरकारी अनुदानावर मधुमेहाच्या औषधांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांची मूळ टिपणे काही डॉक्टरांना हवी होती. अनुदान सरकारचे असले तरी टिपणे सरकारने आपल्या ताब्यात घेतलेली नाहीत, म्हणून ती सरकारी दस्तऐवज ठरत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. १९८९ च्या एका निकालाने कसोटी आणखी नेमकी केली : कागद खात्याने तयार केलेला किंवा मिळवलेला असावा, आणि अर्ज येतेवेळी तो खात्याच्या ताब्यात असावा. २००७ च्या दुरुस्तीने दप्तर सांभाळण्यासाठी कंत्राटदाराकडे ठेवलेले सरकारी कागद कायद्याच्या कक्षेत आणले, पण कंपनीचे स्वतःचे कागद बाहेरच राहिले.

तपासनीसांच्या पाळ्यांचा तक्ता, कंपनीतली अंतर्गत चौकशी, व्यवस्थापकाने वरिष्ठांना पाठवलेले ईमेल हे सगळे त्यामुळे हाती लागत नाही. हाच मजकूर मासिक अहवालात उतरून टीएसएकडे गेला, की तो मागता येतो. म्हणून जाणकार अर्जदार पहिल्या अर्जात ‘गैरप्रकारांची सर्व माहिती द्यावी’ असे मोघम लिहीत नाही. तो आधी कंत्राट मागतो, सगळ्या दुरुस्त्या आणि परिशिष्टांसह. कंपनीने कोणता अहवाल किती दिवसांनी द्यायचा, गैरहजेरी व प्रशिक्षणाची कोणती आकडेवारी कळवायची, याची यादी त्यात असते. दुसऱ्या अर्जात त्या यादीतल्या अहवालांची नावे आणि महिने घालायचे. मग ‘मागणी संदिग्ध आहे’ असे म्हणून अर्ज परत पाठवणे खात्याला जड जाते.

कंत्राट मिळते, पण सोलून. कायद्यातल्या नऊ अपवादांपैकी चौथा व्यापारी गुपितांसाठी आहे. अध्यक्ष रेगन यांच्या १९८७ च्या आदेशानुसार अशी माहिती देण्याआधी संबंधित कंपनीला कळवावे लागते, आणि ताशी दर, नफ्याचे प्रमाण, मनुष्यबळाची आखणी यांवर कंपनी हरकत घेणार हे धरूनच चालायचे. पूर्वी ‘धंद्याचे मोठे नुकसान होईल’ हे दाखवावे लागे. २०१९ मध्ये दक्षिण डकोटातील आर्गस लीडर या वृत्तपत्राच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती अट काढली. माहिती कंपनी एरवी खासगीत ठेवते एवढे दाखवले की आता बहुधा भागते. जनतेच्या पैशातून चाललेल्या कामाचे दर जनतेलाच दिसू नयेत, ही या निकालाची अडचणीची बाजू आहे. निविदेतला तांत्रिक प्रस्ताव तर वेगळ्याच कायद्याने झाकलेला आहे. तो कंत्राटाचा भाग म्हणून स्पष्टपणे जोडला गेला असेल, तरच तो देण्याजोगा ठरतो. म्हणून कंत्राटातले ते जोडणीचे वाक्य आधी शोधावे.

हाती येणाऱ्या पानाचे रूपही ठराविक असते. मजकुरावर चौकोन टाकलेले आणि प्रत्येक चौकोनात अपवादाचा क्रमांक. ‘बी-४’ असेल तर आकडा कंपनीसाठी झाकला आहे, ‘बी-६’ असेल तर कुणाचे तरी नाव किंवा फोन नंबर, आणि ‘बी-३’ असेल तर दुसऱ्या एखाद्या कायद्याने केलेली मनाई. टीएसएच्या कागदांवर हा तिसरा क्रमांक सगळ्यांत त्रासदायक, कारण त्यामागे बहुधा ‘संवेदनशील सुरक्षा माहिती’ असते. हा वर्ग ‘गोपनीय’ किंवा ‘अतिगोपनीय’ या अधिकृत श्रेण्यांत बसत नाही, तरीही फोयाला डावलून माहिती रोखण्याचा अधिकार टीएसएला कायद्यानेच दिला आहे. तपासणीची कार्यपद्धती, यंत्रांच्या क्षमता, छुप्या चाचण्यांचे निकाल हे सारे त्यात मोडते. खासगी तपासनीस सरकारी तपासनीसांपेक्षा सरस की कमअस्सल, हे ज्या आकड्यांवरून ठरावे नेमके तेच आकडे त्यामुळे बंद राहतात.

हा शिक्का किती सैलपणे वापरला जातो याचे प्रसिद्ध उदाहरण रॉबर्ट मॅक्लेन यांचे. विमानात साध्या वेशात पहारा देणारे हे अधिकारी. २००३ मध्ये पहारेकऱ्याला रात्रीचा मुक्काम करावा लागेल अशा फेऱ्यांवरचा पहारा रद्द होत असल्याचा संदेश त्यांना साध्या मोबाइलवर आला; त्यावर कसलाही शिक्का नव्हता. त्यांनी ते एका वार्ताहराला सांगितले. नोकरी गेली २००६ मध्ये, आणि तो मजकूर संवेदनशील होता असा रीतसर आदेशही त्याच वर्षी निघाला. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी मॅक्लेन यांच्या बाजूने कौल दिला : मनाई खात्याच्या नियमाने केलेली होती, कायद्याने नव्हे, त्यामुळे जागल्यांना, म्हणजे आतला गैरप्रकार उघड करणाऱ्यांना, मिळणारे संरक्षण त्यांना लागू होते. फोयाच्या अर्जदाराला मात्र या निकालाचा थेट उपयोग नाही. उलट बाजूचे उदाहरण २००९ चे. टीएसएची कार्यपद्धतीची एक पुस्तिका कंत्राटाच्या निविदेसोबत सरकारी संकेतस्थळावर चढवली गेली. संवेदनशील ओळींवर काळ्या पट्ट्या होत्या, पण पट्टीखालचा मजकूर निवडून दुसरीकडे चिकटवला की वाचता येत होता. अर्ज करून जे मिळाले नसते, ते निविदा कक्षाच्या हलगर्जीपणाने जगभर गेले.

सगळेच काही फोयातून बाहेर येत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत ऑगस्ट २००३ ते मे २००४ या काळात छुप्या चाचण्या घ्यायला आलेल्या माणसांवर कॅमेऱ्यांतून नजर ठेवून त्यांची वर्णने तपासनीसांना आधीच कळवली जात होती. यात टीएसए आणि कंपनी, दोन्हींकडचे अधिकारी होते. हे गृहसुरक्षा खात्याच्या महानिरीक्षकांनी २००६ मध्ये जाहीर केले. खर्चाची कथाही अशीच. खासगी तपासणी १७.४ टक्के महाग पडते असे टीएसएने आधी सांगितले. संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने पद्धतीतले दोष दाखवल्यावर, निवृत्तिवेतन, विमा, कंपनीकडून परत येणारा कर अशा बाबी हिशेबात धरून, २०११ मध्ये तोच फरक ३ टक्क्यांवर आला. ज्याला फक्त आकडा हवा, त्याने हे अहवाल आधी वाचावेत. कंत्राटाची एकूण रक्कम तर २००७ पासून चालणाऱ्या सरकारी खर्चाच्या संकेतस्थळावर अर्ज न करताही सापडते.

जानेवारी २०११ मध्ये टीएसएचे प्रमुख जॉन पिस्टोल यांनी ठोस फायदा दिसल्याशिवाय योजना वाढवणार नाही असे जाहीर केले आणि मिझुरीतल्या स्प्रिंगफील्डसारख्या विमानतळांचे अर्ज फेटाळले गेले. कारणे त्रोटक होती. फेब्रुवारी २०१२ च्या कायद्याने हे बदलले : निर्णयाची मुदत तेव्हा १२० दिवसांची ठरली, आणि नकार दिला तर ६० दिवसांत विमानतळाला व संसदीय समित्यांना कारणांचा लेखी अहवाल द्यायचा. माहिती मागणाऱ्याच्या दृष्टीने ही तरतूद मोलाची, कारण पूर्वी जो कागद तयारच होत नव्हता, तो आता कायद्याने तयार करावा लागतो.

अर्ज ऑनलाइन करता येतो आणि तो कोणीही करू शकतो. अमेरिकेचे नागरिकत्व लागत नाही. पुण्यात बसलेल्या पत्रकाराला किंवा न्यू जर्सीत व्हिसावर राहणाऱ्या मराठी माणसालाही सारखाच हक्क आहे. सर्वसामान्य अर्जदाराला पहिले दोन तास शोधकाम आणि पहिली १०० पाने फुकट मिळतात. व्यापारी हेतूने मागणाऱ्याला, म्हणजे समजा प्रतिस्पर्धी कंपनीला, पूर्ण आकार पडतो. मुदत २० कामाच्या दिवसांची आहे, पण ती फारशी मनावर घेऊ नये. उत्तर यायला महिनोन्‌महिने लागणे नेहमीचे. नकार आल्यास ९० दिवसांत अपील, आणि त्यानंतर जिल्हा न्यायालय. तिथे खात्याला रोखलेल्या प्रत्येक मजकुराची कारणवार यादी द्यावी लागते. संवेदनशील सुरक्षा माहितीच्या शिक्क्याला आव्हान द्यायचे असेल तर वाट निराळी : थेट अपील न्यायालयात, आदेशापासून ६० दिवसांत. दोन न्यायालयांच्या या खेपांत सामान्य अर्जदाराचा दम निघतो. तिथवर जातात ते पत्रकार, कामगार संघटना आणि वकील बाळगून असलेल्या संस्था.

टीएसएने दार लावले तरी विमानतळाचा दरवाजा उरतो. सॅन फ्रान्सिस्को विमानतळ शहराच्या मालकीचा असल्याने त्याला कॅलिफोर्नियाचा सार्वजनिक दस्तऐवज कायदा आणि शहराचा १९९३ चा ‘सनशाइन’ अध्यादेश लागू होतो. विमानतळाने योजनेसाठी केलेला अर्ज, त्यावरचा पत्रव्यवहार, आयुक्त मंडळाच्या बैठकांची टिपणे इथून मागता येतात, आणि राज्याच्या कायद्यात उत्तराची मुदत १० दिवसांची आहे. जॅक्सन होलमध्ये प्रयोगाच्या काळात तर विमानतळ मंडळ स्वतःच कंत्राटदार होते. सार्वजनिक संस्थाच ठेकेदार झाली, की कंपनीची आड उरत नाही. संवेदनशील माहितीचे केंद्रीय नियम मात्र विमानतळांनाही बांधतात. शहराने परस्पर तपासणीची पुस्तिका देऊन टाकावी, असे होत नाही.

भारतात चित्र उलटे आहे. इंडियन एअरलाइन्सच्या आयसी-८१४ विमानाच्या अपहरणानंतर, २००० मध्ये जयपूरपासून सुरुवात करून विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे गेली. मुंबई, पुणे, नागपूर, दाबोळी इथे तपासणी करणारे जवान याच दलाचे. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या दुसऱ्या अनुसूचीत या दलाचे नाव असल्याने कलम २४ प्रमाणे ते कायद्याच्या बाहेर आहे. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचा भंग या आरोपांपुरती माहिती मागता येते. अर्जाचा हक्कही फक्त नागरिकांना आहे. खासगी संस्थांच्या बाबतीत मात्र आपला कायदा फोयाच्या पुढे आहे. कलम २(च) मध्ये ‘माहिती’ची व्याख्या करताना, सार्वजनिक प्राधिकरणाला अन्य कायद्यान्वये खासगी संस्थेकडून जी माहिती मिळवता येते, तीही धरलेली आहे. कागद अधिकाऱ्याच्या टेबलावर आलेला असण्याची गरज नाही. तो मागवण्याचा अधिकार त्याच्याकडे असला की पुरे. फोर्शम खटल्यातल्या डॉक्टरांनाही हेच हवे होते : टिपणे मागवण्याचा हक्क सरकारला आहे, तर ती सरकारचीच धरावीत. न्यायालयाने ते मान्य केले नाही.