वारेतल्या पेशी: आईच्या की बाळाच्या?

आई आणि बाळाचं रक्त वारेत (प्लॅसेंटात) मिसळतं, ही समजूत शिकलेल्या घरांतही पक्की आहे. तुरळक पेशी इकडून तिकडे जातात हे खरं, पण रक्ताचे दोन प्रवाह वेगळेच राहतात. हे समजून घ्यायचं तर भरतीच्या वेळी खाडीकाठी उभं राहावं. कांदळाची मुळं पाण्यात बुडालेली असतात. पाणी बाहेरून खेळतं आणि झाडाचा रस मुळांच्या आतून वाहतो. वारेतले अंकुर, म्हणजे फांद्यांसारखे बारीक फाटे, असेच आईच्या रक्तात बुडालेले असतात. अंकुर बाळाचे, भोवतालचं रक्त आईचं. पूर्ण दिवसांची वार भरते साधारण अर्धा किलो, पण सगळ्या अंकुरांचा पृष्ठभाग मिळून १० चौरस मीटरच्या पुढे जातो.

या अंकुरांच्या मऊ गाभ्यात हॉफबाउर पेशी राहतात. या बाळाच्या स्वतःच्या भक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज. गर्भ तीन आठवड्यांचा होण्याआधीच त्या दिसू लागतात. झिका विषाणू त्यांच्यात शिरून वाढू शकतो, हे २०१६ मध्ये प्रयोगशाळेत दिसून आलं. ग्रहणात विळीला हात लावला म्हणून बाळाचा ओठ फाटत नाही. गर्भाला खरा धोका रुबेला, सिफिलिस, झिका यांचा असतो आणि तो वारेतून येतो. म्हणून या पेशी वेगळ्या काढून अभ्यासायच्या.

काम प्रसूतिकक्षातच सुरू होतं. आईची लेखी संमती आणि नैतिकता समितीची परवानगी आधी हवी. शक्यतो ठरवून केलेल्या सिझेरियनमधली वार घ्यावी. योनीमार्गातले जिवाणू लागले तर त्यांच्या नुसत्या विषानंही भक्षक पेशी चवताळतात आणि प्रयोगाचं उत्तर बदलतं. ऊती थंड बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात), बर्फावर आणि काही तासांतच टेबलावर यायला हवी. रत्नागिरीत घेतलेली वार महामार्गानं मुंबईला नेईपर्यंत अर्ध्याहून अधिक दिवस जाऊ शकतो. म्हणून निदान पहिले टप्पे तरी जवळच उरकलेले बरे.

आईच्या बाजूचा थर आणि बाळाच्या बाजूचा पडदा कापून टाकायचा, मधले अंकुर घ्यायचे आणि बफर स्वच्छ निघेपर्यंत धुवायचे. रक्त राहिलं तर पुढे सगळंच गढूळ होतं. मग कात्रीनं २-३ मिलिमीटरचे तुकडे करायचे. आधी ०.२५ टक्के ट्रिप्सिन हे प्रथिनं तोडणारं विकर (एन्झाइम) ३७ अंशांवर देऊन अंकुरांचं बाहेरचं आवरण सैल करून काढायचं. नंतर मिलिलिटरला सुमारे १ मिलिग्रॅम कोलॅजिनेज, म्हणजे कोलॅजेन तोडणारं विकर, देऊन आतला गाभा विरघळवायचा. दोन्ही वेळा डीएनएज, म्हणजे डीएनए तोडणारं विकर, हवंच. फुटलेल्या पेशींतला डीएनए बाहेर येऊन भेंडीसारखा तार धरतो आणि त्यात जिवंत पेशी अडकून पडतात. इथे एक चूक नेहमी होते. कोलॅजिनेजला कॅल्शियम लागतं, तर ट्रिप्सिनबरोबर घातलेलं ईडीटीए हे रसायन नेमकं तेच ओढून घेतं. मध्ये नीट धुतलं नाही तर तासभर हलवूनही तुकडे तसेच राहतात आणि दोष मात्र कोलॅजिनेजच्या बाटलीला दिला जातो.

गाळलेला द्रव परकॉलच्या (पेशी घनतेनुसार वेगळ्या करणाऱ्या द्रावणाच्या) थरांवर ठेवून अपकेंद्री यंत्रात फिरवायचा. थांबवताना ब्रेक लावायचा नाही, नाहीतर थर ढवळले जातात. भक्षक पेशींचा पट्टा काढून त्यातल्या नको त्या पेशी चुंबकी मण्यांनी ओढून घ्यायच्या: ईजीएफआर खुणेच्या आवरणपेशी आणि सीडी१० खुणेच्या तंतुपेशी (खूण म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचं ओळखीचं प्रथिन). हव्या त्या पेशींना हात लावायचा नाही, कारण मणी चिकटले तरी त्या उत्तेजित होतात.

आता सगळ्यात महत्त्वाची अडचण. कांदळाच्या मुळांना बाहेरून कालवं चिकटतात, तसे अंकुरांच्या पृष्ठभागाला आईचे मॅक्रोफेज चिकटून बसतात. ते धुतल्यानं सुटत नाहीत, ट्रिप्सिननंही सगळे निघतीलच असं नाही, आणि सीडी१४ ही मॅक्रोफेजची नेहमीची खूण त्यांच्यावरही असते. शुद्धता ९५ टक्के दिसली तरी त्यात आई किती आणि बाळ किती, हे त्या आकड्यातून कळत नाही. २०२१ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी पहिल्या तिमाहीतल्या ऊतीवर हा घोळ सोडवला: बाळाच्या हॉफबाउर पेशींवर एचएलए-डीआर हे प्रथिन नसतं आणि फोलआर२ हे असतं, चिकटलेल्या आईच्या पेशींवर एचएलए-डीआर असतं. पूर्ण दिवसांच्या वारेत मात्र काही हॉफबाउर पेशींवरही एचएलए-डीआर येतं, त्यामुळे तिथे ही एकच खूण पुरत नाही.

मिळालेल्या पेशी आरपीएमआय या पोषक माध्यमात, १० टक्के सीरम घालून, ३७ अंश आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवतात. तासा-दोन तासांत त्या तळाला चिकटतात. न चिकटलेलं धुऊन टाकायचं. पूर्ण दिवसांच्या वारेतल्या पेशी बशीत फारशा वाढत नाहीत, काही दिवस जगवता येतात एवढंच. चुकून राहिलेल्या तंतुपेशी मात्र भराभर वाढून सगळी बशी व्यापतात. कोकणातल्या पावसाळ्यात बुरशीचीही धास्ती असते, म्हणून इन्क्युबेटरमधलं पाणी वरचेवर बदलावं आणि वीज गेली की दार उघडू नये.

बाळ मुलगा असेल तर वाय गुणसूत्र शोधून पेशींची ओळख पटते. मुलगी असेल तर आई-बाळाचा एचएलए प्रकार (पेशींवरच्या, आई-वडिलांकडून येणाऱ्या ओळख-प्रथिनांचा प्रकार) तपासावा लागतो. बाळाकडे वडिलांकडून आलेला आणि आईकडे नसलेला प्रकार सापडला, तर तो ज्या पेशीवर दिसेल ती बाळाची.