कृती लिहिली, पण फोटो तसाच येतो का?

रोपांवरच्या रिसर्च पेपरमध्ये असा फोटो हमखास असतो बघा, डावीकडे नॉर्मल रोप आणि उजवीकडे खुरटलेलं पिवळं. आणि तो कसा काढला याबद्दल कधीकधी एवढंच, की डिजिटल कॅमेऱ्याने काढला. एवढ्यावर दुसऱ्याला तोच फोटो काढता येईल का? मला विचाराल तर हे तपासायचा एकच खरा मार्ग, लिहिलेला कागद दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि आपण मधे एक शब्द बोलायचा नाही.

मी घरी करून बघितलं. वाटीत मेथी पेरली, सातव्या दिवशी फोटो काढला आणि बहिणीला लिहून दिलं, "वरून, दिवसाउजेडी, शेजारी पट्टी ठेवून." तिने अगदी तसंच केलं तरी तिच्या फोटोत पानं मोठी आणि पिवळट! झालं असं की मी पट्टी वाटीच्या काठावर ठेवलेली आणि तिने खाली ओट्यावर. मोबाईल पट्टीच्या 50 सेंमी वर असेल आणि पान पट्टीपेक्षा 5 सेंमी उंच, तर ते लांबीला 11 टक्के मोठं दिसतं, क्षेत्रफळात तर जवळजवळ 23 टक्के. आणि पिवळेपणा म्हणजे ओट्यावरचा बल्ब चालू होता, मी तो बंद ठेवा असं लिहिलंच नव्हतं.

लॅबमध्ये तर अजून भानगडी. नुसत्या लाल-निळ्या एलईडीखाली हिरवी पानं काळपट दिसतात, कारण परत फिरायला हिरवा प्रकाशच नसतो. अरॅबिडॉप्सिस म्हणजे मोहरीच्या कुळातलं ते छोटं रोप, त्याची पानं दिवसभरात वर-खाली होतात, पानं उभी झाली की वरून रोप लहान दिसतं, म्हणजे फोटोची वेळ लिहिली नाही तर वाढ कमी झाली की पानं उभी होती हे कळणार कसं?

2010 मध्ये छापलेल्या एका अभ्यासात याच रोपाच्या 3 वाणांवर 10 लॅबनी एकच ठरलेली पद्धत वापरली, बियाणंही एकच, तरी पानांच्या वाढीत फरक आलेच, आणि त्यामागे मुख्यतः प्रकाशाचा प्रकार आणि रोपं हाताळण्यातले बारीक फरक निघाले. म्हणजे फोटोच्या आधीचंही लिहायला लागतं.

मेथीचा कागद मी परत लिहिला, पट्टी काठावर, बल्ब बंद, सकाळी 10 वाजता, फ्रेममध्ये पांढरा कागद. यावेळी रंग बराच जुळला, पण कडेची पानं अजून बाहेर झुकल्यासारखी दिसतायत, कारण बहीण मोबाईल फार जवळ नेते, तर आता अंतर पण लिहून देणार आहे.