लक्षणहीन मूत्रसंसर्ग (गरोदरपणातील)

गरोदर बाईच्या लघवीत जंतूंची मोठी वाढ झालेली असते, पण जळजळ, सारखी लघवी लागणे, ओटीपोटात दुखणे किंवा ताप यांतले काहीच जाणवत नाही, अशी अवस्था. साधारण 2 ते 10 टक्के गर्भवतींत ती आढळते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बायका लघवीच्या जळजळीला ‘उन्हाळी लागली’ म्हणतात आणि धणे-जिऱ्याचे पाणी किंवा सब्जा घेतात. जी उन्हाळी लागतच नाही, तिला बोलीत शब्द नाही. ‘काही त्रास?’ असे नर्सने विचारले की ‘काय नाही’ हे उत्तर येते, आणि ते खरेही असते.

जंतू बहुधा बाईच्याच आतड्यातले, त्यातही ई. कोलाय सर्वाधिक, त्याखालोखाल क्लेबसिएला वगैरे. बायकांचा मूत्रमार्ग (लघवी बाहेर येण्याची नळी) आखूड असल्याने जंतूंना मूत्राशय गाठणे सोपे जाते. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे मूत्रपिंडाकडून येणाऱ्या मूत्रवाहिन्या सैल पडतात, वाढते गर्भाशय त्यांच्यावर दाब देते आणि लघवी वरच्या भागात तुंबते. गर्भाशय उजवीकडे कलत असल्याने उजव्या बाजूला हे अधिक घडते. सुनेने स्वच्छता पाळली नाही, असा ठपका घरात सहज ठेवला जातो. शरीराची ही रचना पाहता तो अन्यायाचा आहे.

उपचार न केल्यास यांतल्या 20 ते 40 टक्के बायकांना पुढे मूत्रपिंडाचा संसर्ग होतो, असे जुने अभ्यास सांगतात: थंडी वाजून ताप, कुशीत कळ, उलट्या, बहुतेकदा दवाखान्यात भरती. अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि कमी वजनाचे बाळ यांच्याशीही त्याचा संबंध जोडला जातो. नेदरलँड्समध्ये 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र उपचार न घेतलेल्यांत मूत्रपिंडाचा संसर्ग सुमारे 2.4 टक्केच आढळला. तिथल्या निवडक, कमी जोखमीच्या गर्भवतींचा हा आकडा उचलून सीमाभागाला लावणे धाडसाचे ठरेल.

निदानासाठी लघवीचे कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्याची तपासणी, लागते. एका मिलिलिटरमध्ये 1 लाखांहून अधिक जंतू, ही मर्यादा अमेरिकन डॉक्टर एडवर्ड कास यांनी 1950 च्या दशकात रूढ केली. खरा घोळ इथेच होतो. आरोग्यकेंद्रात पट्टी बुडवून पाहतात ती लघवीतली साखर आणि प्रथिने. घरी येऊन बाई सांगते, ‘लघवी तपासली, चांगली आहे,’ पण त्या पट्टीवर जंतू मोजलेच गेलेले नसतात. रिपोर्टमधल्या पस सेल्सवरूनही (पूपेशी) संसर्ग ठरत नाही. अंगावरून पांढरे जात असले तरी त्या वाढलेल्या दिसतात. कल्चरसाठी पहिली धार सोडून मधली धार निर्जंतुक डबीत धरायची आणि ती दोन तासांत प्रयोगशाळेत पोचवायची किंवा थंड ठेवायची. घरून औषधाच्या धुतलेल्या बाटलीत आणलेला नमुना जवळजवळ निकामी. शिवाय निकालाला दोन-तीन दिवस लागतात. जांबोटीहून एसटीने आलेली बाई तेवढ्यासाठी पुन्हा येईलच असे नाही.

ही तपासणी पहिल्याच भेटीत किंवा 12 ते 16 आठवड्यांच्या सुमारास करतात. जंतू सापडल्यास, कोणत्या औषधाला ते दबतात हे पाहून, गर्भाला चालणारे प्रतिजैविक साधारण आठवडाभर देतात: सेफालेक्सिन, नायट्रोफ्युरॅन्टॉइन, किंवा फॉस्फोमायसिनचा एकच डोस. नायट्रोफ्युरॅन्टॉइनने लघवी गडद पिवळी-तपकिरी होते. हे आधी सांगितले नाही तर बाई घाबरून गोळ्या बंद करते. प्रसूती जवळ आल्यावर हे औषध टाळतात. गरोदर नसलेल्या निरोगी बाईत असेच जंतू सापडले तर सहसा औषध देत नाहीत. धणे-जिऱ्याचे पाणी प्यायला हरकत नाही, पण त्याने लघवीतले जंतू जात नाहीत.

गोळ्या संपल्यावर पुन्हा कल्चर करावे लागते, कारण संसर्ग उलटतो. पहिलटकरीण तोवर अनेकदा माहेरी गेलेली असते, कधी सीमेपलीकडे चंदगड-गडहिंग्लजला. कर्नाटकातले ‘तायी कार्ड’ (कन्नडमध्ये तायी म्हणजे आई, मराठी कानाला ती ताई वाटते) सोबत असले तरी कन्नड नोंदी तिकडच्या नर्सला वाचता येतीलच असे नाही. म्हणून कल्चरचा कागद, जंतूचे आणि औषधाचे नाव दिसेल असा, पिशवीत वेगळा ठेवलेला बरा.