ट्रू नॉर्थ आणि गच्चीवरची काठी

गेल्या फेब्रुवारीत इथे इंदूरला, आमच्या सुदामा नगरात, शेजारच्या काकांकडे वास्तुवाले आले होते. दारातल्या लोखंडी ग्रिलला फोनमधलं होकायंत्र टेकवून त्यांनी निदान केलं, "दार पूर्वेला नाहीच, चौदा अंश आग्नेयेकडे गेलंय." काका हबकले आणि मला हाक मारली. मी फोन घेऊन ग्रिलपासून चार पावलं लांब अंगणात आलो, तर आकडा बदलला. आत फ्रिजजवळ नेला, पुन्हा बदलला. सेटिंगमध्ये पाहिलं तर 'यूज ट्रू नॉर्थ'चं, म्हणजे भौगोलिक उत्तर दिशा दाखवायचं बटण बंद. काका म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं हा खोटी उत्तर दाखवत होता की काय?"

खोटी नव्हे हो. शाळेत आपण ट्रू म्हणजे खरं आणि फॉल्स म्हणजे खोटं एवढंच घोकलं, तिथेच घोळ झाला. इंग्रजीत सायकलचं चाकही ट्रू असतं. रामबागेजवळचा सायकलवाला रिम फिरवून बघतो, "पहिया आउट है भैया" म्हणतो आणि किल्लीने एकेक तार आवळत जातो. डाव्या बाजूची तार आवळली की रिम डावीकडे ओढली जाते. या आउट काढण्यालाच तिकडे ट्रूइंग म्हणतात. सुताराची रंधा मारलेली सपाट फळी ट्रू असते. मेंडेलचे जे वाटाणे पिढ्यानपिढ्या गोल ते गोलच राहत, ते ट्रू-ब्रीडिंग, म्हणजे आपलं शुद्ध वाण. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता एकनिष्ठ, भरवशाचा. भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं 'ट्री'शी आणि आपल्या 'देवदार'मधल्या दारूशी जोडतात (पेयाशी नव्हे!). लाकडासारखं टणक, जागचं न हलणारं. तेव्हा ट्रू ऐकलं की विचारायचं, कशाशी इमान राखून?

ट्रू नॉर्थ पृथ्वीच्या अक्षाशी इमान राखते. होकायंत्राची सुई मात्र ती असेल तिथल्या चुंबकीय क्षेत्राशी. सुई थेट ध्रुवाकडे बोट दाखवते हाही एक गैरसमजच. ती फक्त तिथल्या क्षेत्ररेषेला समांतर होते. हे क्षेत्र तयार होतं सुमारे २,९०० किलोमीटर खोलीखालच्या वितळलेल्या लोखंडाच्या घुसळणीतून, आणि घुसळण थांबत नाही. जेम्स क्लार्क रॉस या ब्रिटिश दर्यावर्द्याला १८३१ मध्ये चुंबकीय उत्तर ध्रुव कॅनडाच्या उत्तर भागात सापडला, आज तो सायबेरियाच्या दिशेने बराच सरकलाय. म्हणून फोन ज्या जागतिक चुंबकीय नकाशावरून दुरुस्ती करतो तो दर पाच वर्षांनी नवा काढतात. २०१९ मध्ये तर मुदतीआधीच सुधारावा लागला. विमानतळाच्या धावपट्ट्यांचे आकडेही चुंबकीय दिशेवरून असतात. आपल्या इंदूरच्या पट्टीवर ०७ आणि २५ आहेत, म्हणजे सुमारे ७० आणि २५० अंश. अमेरिकेत टॅम्पाला २०११ मध्ये असे आकडे पुसून नवे रंगवावे लागले.

इंदूरात मात्र या दोन उत्तर दिशांमधला फरक एका अंशाच्याही आत आहे. मग चौदा अंश आले कुठून? ग्रिलमधून. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र इथे जेमतेम ४५ मायक्रोटेस्ला, म्हणजे तसं दुबळंच. जवळचं लोखंड ते सहज वाकवतं.

काकांना पटेना. म्हटलं, चुंबक बाजूला ठेवू, गच्चीवर चला. कात्यायन शुल्बसूत्र या यज्ञवेदी आखायच्या जुन्या ग्रंथातली ही कृती माझी फार लाडकी आहे. मीटरभर काठी ओळंबा लावून उभी केली आणि तिच्याभोवती मीटरभराच्याच त्रिज्येचं वर्तुळ खडूने काढलं. सकाळी सावली लांब असते, आखूड होत जाते. १०:४८ ला तिचं टोक पश्चिमेच्या बाजूने वर्तुळात शिरलं, तिथे खूण केली. दुपारी २:३४ ला पूर्वेकडून बाहेर पडलं, तिथे दुसरी. दोन्ही वेळी सावली सारखीच लांब, म्हणजे सूर्य सारख्याच उंचीवर, एकदा मध्यान्हाच्या अलीकडे, एकदा तेवढाच पलीकडे. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम, तिच्यावर लंब टाकला की ट्रू नॉर्थ. ध्रुवताराही इतका नेमका नाही. तो खऱ्या ध्रुवापासून पाऊण अंशाला थोडा कमी एवढा बाजूला आहे. दिवसभरात सूर्य किंचित उत्तरेकडे सरकतो, त्याने बारीक चूक येते आणि जुन्या ज्योतिर्विदांनी तीही पकडली होती, पण आमच्या खडूच्या रेघेपुढे ती काहीच नाही.

काकांचं लक्ष मात्र घड्याळाकडे. "सावली सगळ्यात आखूड बाराला हवी ना? ही तर पाऊण वाजेपर्यंत घटतच होती!" बरोबर, १२:४१ पर्यंत. आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाशी ट्रू, इंदूर ७५.९ वर, अंशाला चार मिनिटं धरली की साडेसव्वीस मिनिटं झाली. उरलेली चौदा मिनिटं का, तर पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला म्हणून. मे महिन्यात हा फरक उलट्या बाजूला जातो, पण जेमतेम साडेतीन-चार मिनिटांनी. इथे काकांनी जांभई दिली.

मग सुतळी लावून दार मोजलं. पूर्वेपासून जेमतेम दोन अंश. तेही कारण भिंत समोरच्या रस्त्याला समांतर बांधलीय. घर रस्त्याशी इमान राखून आहे. दाराच्या दिशेवरून नशीब ठरतं याला पुरावा शून्य, पण त्यावर पैसे घ्यायचेच तर निदान दिशा तरी ग्रिलपासून लांब उभं राहून मोजावी.

काकांनी दार जागच्या जागी ठेवलं, चपलांचा स्टँड तेवढा हलवला. खडूचं वर्तुळ गच्चीवर आठवडाभर राहिलं. काकूंनी त्यातच प्लास्टिक अंथरून साबुदाण्याच्या पापड्या वाळत घातल्या, काठीला सुतळी बांधून कावळ्यांसाठी काळी चिंधीही लावली.