गॅलरीची सळई वर का असते?

पावसाळा सुरू झाला की कुठल्या तरी जुन्या इमारतीची गॅलरी कोसळल्याची बातमी येतेच. कारण बहुतेक वेळा एकच दिलेलं असतं: बांधकाम जीर्ण झालं होतं. पण त्याच इमारतीतल्या खोल्यांचे स्लॅब, तेवढेच जुने, जागेवर राहतात आणि गॅलरी तेवढी जाते. असं का होतं, हे माझ्या मावसभावाच्या घराचा स्लॅब ओतायची तयारी चालू असताना मला अगदी डोळ्यांसमोर दिसलं.

सळया बांधून झाल्या होत्या. गॅलरीच्या जाळीवरून दोन पोरं घमेली घेऊन ये-जा करत होती आणि त्यांच्या पावलागणिक वरच्या सळया बोटभर खाली दबत होत्या. मी थांबवलं, तर मिस्त्री म्हणाले, "काका, खाली गेली तर बिघडलं काय? आधार खालूनच द्यायचा असतो ना?"

हा समज फार जणांचा असतो आणि खोलीच्या स्लॅबपुरता तो बराचसा खराही आहे. ऊस गुडघ्यावर मोडताना पाहा. गुडघ्याच्या बाजूची साल दाबली जाते, पलीकडची ताणून तडकते. दोन भिंतींवर टेकलेला स्लॅब मधोमध खाली झुकतो, म्हणजे त्याची खालची बाजू ताणली जाते. काँक्रीट दाब उत्तम सोसतं, पण ताण त्याला दाबाच्या जेमतेम एक दशांश झेपतो. म्हणून ताणाच्या बाजूला सळई. गॅलरीला मात्र एकाच बाजूने आधार असतो. तिचं टोक खाली झुकतं आणि ताणली जाते ती वरची बाजू. सळई तिथेच हवी.

किती ताण येतो, हे काढायची रीत मला आजही फार सुंदर वाटते. इंजिनिअर हा हिशेब न्यूटनमध्ये करतात, आपण किलोतच करू.

गॅलरीची एक मीटर रुंद पट्टी घ्या, भिंतीपासून १.२ मीटर बाहेर आलेली. १२० मिलिमीटर जाड स्लॅबचं वजन दर चौरस मीटरला ३०० किलो, फरशी आणि मसाल्याचे १००, माणसं-सामानासाठी ३००. एकूण ७००. शिवाय टोकाला मीटरभर उंच, चार इंची विटांचा कठडा: साधारण २०० किलो.

आता ही पट्टी मनातल्या मनात कुठेही कापा. कापलेल्या जागेच्या पलीकडचं सगळं वजन त्या जागेने उचलून धरलेलं असतं. ते वजन म्हणजे तिथला शिअर फोर्स. टोकाला तो २०० किलो. भिंतीपाशी ७०० गुणिले १.२, म्हणजे ८४०, अधिक २००: १०४० किलो. तेच वजन त्या जागेला वाकवायलाही बघतं. पलीकडचं प्रत्येक वजन गुणिले त्याचं कापापासूनचं अंतर, या सगळ्याची बेरीज म्हणजे बेंडिंग मोमेंट.

आता टोकाकडून भिंतीकडे एक सेंटिमीटर सरका. मागे राहिलेल्या प्रत्येक वजनाचं अंतर एक सेंटिमीटरने वाढलं. म्हणजे मोमेंट किती वाढला? मागचं सगळं वजन गुणिले एक सेंटिमीटर. आणि मागचं सगळं वजन हाच तर तिथला शिअर फोर्स! म्हणून शिअरचा आलेख काढला की त्याखालचं क्षेत्रफळ हाच मोमेंट. आपला आलेख २०० वरून १०४० वर चढणारा समलंब चौकोन आहे. सरासरी ६२०, गुणिले १.२: उत्तर ७४४ किलो-मीटर (हे अंतराचं किलोमीटर नव्हे, किलो गुणिले मीटर). वेगळ्या वाटेने पडताळा: स्लॅबचे ८४० किलो सरासरी ०.६ मीटरवर, म्हणजे ५०४. कठड्याचे २०० किलो १.२ मीटरवर, म्हणजे २४०. बेरीज तीच, ७४४. वजनात कठड्याचा वाटा पाचवा हिस्साही नाही, वाकवण्यात मात्र जवळजवळ एक तृतीयांश. टोकाला हौसेने लावलेल्या जड कुंड्या म्हणूनच मला खुपतात.

हीच युक्ती खोलीच्या बीमला लावा. चार मीटर लांबी, दर मीटरला १५०० किलो. एकूण ६००० किलो दोन्ही आधारांवर निम्मे-निम्मे, म्हणून टोकांना शिअर ३०००, मधोमध शून्य. अर्ध्या लांबीवरच्या त्रिकोणी आलेखाचं क्षेत्रफळ ३०००, तोच मधला, सर्वात मोठा मोमेंट. शिअर जिथे शून्यातून चिन्ह बदलतो (अधिकाचा उणे होतो) तिथे मोमेंट शिखरावर असतो. बीममधल्या रिंगा (लांब सळयांना वेढणारी कडी) कॉलमजवळ दाट बांधतात त्याचं एक कारण हा टोकाचा शिअर, दुसरं भूकंप.

आणि बीमखाली झोपू नये, डोक्यावर भार येतो, असं वास्तुशास्त्राच्या नावाने सांगतात. भार बीममधून आडवा कॉलमकडे जातो, तिथून इमारतीच्या पायात. झोपणाऱ्यावर त्यातला एक ग्रॅमही येत नाही. या भीतीपायी लोक पलंग हलवतात, फॉल्स सीलिंग करतात, आणि गॅलरीच्या फरशीखाली भिंतीलगत गेलेली चीर कुणी बघत नाही.

गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या ग्रंथात भिंतीतून बाहेर आलेल्या तुळईचा हाच प्रश्न घेतला होता. तुळई भिंतीपाशी मोडणार आणि तिची ताकद उंचीच्या वर्गाने वाढते, हे त्याचं बरोबर होतं. पण तुळईचा सगळा छेद (आडवा काप) सारखाच ताणला जातो असं त्याने धरलं, आणि ताकद खऱ्याच्या तिप्पट आली.

मिस्त्रींना मी फूटपट्टी धरून दाखवलं. वर सळई ओढते, तळाशी काँक्रीट रेटतं, आणि दोन्हींमधल्या अंतरावर ७४४ पेललं जातं. तळापासून सळई ९५ मिलिमीटरवर हवी. पायाखाली दबून ३० मिलिमीटर खाली गेली तर उरले ६५. जवळजवळ एक तृतीयांश ताकद काँक्रीट ओतायच्या आधीच गेली. शिवाय वरच्या बाजूला चीर लवकर पडते, पावसाचं पाणी त्या चिरेतून थेट याच सळयांवर उतरतं, आणि गंज फुगून चीर आणखी रुंद होते.

त्यांनी पोरांना खाली उतरवलं, सळयांखाली खुर्च्या (वरची सळई उचलून धरणारे सळईचेच आधार) वाढवल्या, येण्याजाण्यासाठी फळ्या टाकल्या. मग स्वतःहून विचारलं, "टेकू काढताना आधी कुठले काढू?" टोकाचे, मी म्हणालो, मग भिंतीकडे सरकायचं. भिंतीकडचे आधी काढले तर गॅलरी भिंत आणि टोकाचा टेकू यांच्यावर टेकलेल्या बीमसारखी वागेल, मधोमध खाली झुकेल आणि तळाला ताण येईल. तिथे तर आपण तिच्यासाठी सळई ठेवलेलीच नाही.

मिस्त्रींनी खिशातला खडू काढला आणि टोकाच्या टेकूंवर मोठ्ठा १ लिहिला.