नकाशाचं चित्रपुस्तक घरी नेताय? मग नकाशा भिंतीवर नको, जमिनीवर

गोव्यातलं आमचं दुकान मुलांची पुस्तकं घरी वाचायला देतं. दर शनिवारी काउंटरवर कोणीतरी आई किंवा बाबा येतात आणि म्हणतात, "पुस्तक छान आहे हो, पण पोराला नकाशा काही कळत नाही, जरा सोपं दुसरं द्या." आम्ही विचारतो, पुस्तकाच्या मागच्या खिशातला घडीचा नकाशा कुठाय? तर तो घरी भिंतीवर लावलेला असतो, मुलाच्या बेडच्या वर, सेलोटेपनं. मग तो काढताना कोपरा फाटतो, पुस्तक नकाशाशिवाय परत येतं आणि पुढच्या घरच्या मुलाला ते देता येत नाही. नकाशाच्या पुस्तकांवर आम्ही जे 200 रुपये डिपॉझिट ठेवतो ते ह्याच्यासाठी. तुमच्यावर विश्वास नाही असं अजिबात नाही, नकाशा धड परत आला की पैसे त्याच वेळी परत मिळतात.

पण फाटण्यापेक्षा मोठं नुकसान वेगळंच आहे. नकाशा भिंतीवर गेला की उत्तर दिशा छताकडे जाते. मागे दुकानात एक पाच वर्षांची मुलगी आलेली, तिला विचारलं उत्तर कुठे, तर तिनं पटकन पंख्याकडे बोट केलं. आणि दक्षिणेचं मडगाव? तिनं पायाखालची लादी दाखवली. तिचं काहीच चुकलं नव्हतं, घरी तिला "वर उत्तर, खाली दक्षिण" असंच पाठ करून घेतलेलं, आणि लहान मुलाला वर म्हणजे वरच! हे एकदा डोक्यात बसलं की काढायला खूप वेळ जातो, आमचाही आणि तुमचाही, कारण मग प्रत्येक नवीन पुस्तक अवघडच वाटतं आणि तुम्ही बदलून नेत राहता.

तर करायचं एवढंच, की नकाशा बाल्कांवात (दारापुढच्या ओट्यावर) नाहीतर हॉलमध्ये खाली पसरायचा आणि समुद्र शोधायचा. गोव्यात हे फार सोपं आहे, आपला समुद्र पश्चिमेला, सह्याद्री पूर्वेला, आणि मांडवी, जुवारी ह्या नद्या डोंगराकडून समुद्राकडे येतात. संध्याकाळी सूर्य ज्या बाजूला उतरतो त्या बाजूला नकाशातला निळा भाग येईपर्यंत कागद फिरवा. मग मुलाला विचारा आजोळ कुठे. समजा तुम्ही फोंड्यात राहता आणि आजोळ डिचोलीला, तर नकाशावर बोट डिचोलीकडे जातं आणि हातही खरोखरच्या डिचोलीच्या दिशेनं जातो, तेव्हा पोराचा चेहरा बघा. ह्यात कधी कधी अक्षरं उलटी दिसतात आणि आईबाबा लगेच कागद सरळ करतात. प्लीज करू नका, अक्षरं उलटी राहू देत, दिशा बरोबर पाहिजे. मोबाईलचं कंपास वापरणार असाल तर चुंबकवालं कव्हर काढून ठेवा, त्यानं काटा भलतीकडे जातो.

दुसरा नेहमीचा फोन म्हणजे "तुमच्या पुस्तकात सूर्य पूर्वेला उगवतो लिहिलंय, आमच्याकडे तर बाजूला उगवतो." बरोबर आहे तुमचं. अगदी पूर्वेला तो 21 मार्च आणि 23 सप्टेंबरच्या आसपासच उगवतो, डिसेंबरअखेर गोव्यात तो पूर्वेपासून साधारण 24 अंश दक्षिणेला सरकलेला असतो आणि जूनमध्ये तेवढाच उत्तरेला. आणि परदेशात छापलेल्या काही पुस्तकांत काठी रोवून दुपारची सावली बघायचा खेळ असतो, त्यात सावली नेहमी उत्तरेकडे पडते असं लिहिलेलं असतं. ते त्यांच्या देशात ठीक आहे. गोवा साडेपंधरा अक्षांशावर, त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत भरदुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून जरा उत्तरेकडे गेलेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते, तीही अगदी आखूड. भरदुपार म्हणजे बाराला नाही, मेमध्ये साडेबाराच्या सुमारास धरा. मेच्या सुट्टीत नेमका हाच खेळ सगळे करतात आणि पोरं गोंधळतात, म्हणून त्या पानावर आम्ही पिवळी चिठ्ठी चिकटवून ठेवलीय. ती कृपया काढू नका, एकेका पुस्तकात बसून हातानं लिहिलीय.

तीन-चार वर्षांच्या मुलांना गोव्याचा नकाशा आत्ताच नको. त्यांना आधी वरून बघायची सवय लागू दे. पेपरवर ताट, वाटी, पेला, डाव ठेवून पेन्सिलीनं कडा काढा, भांडी उचला आणि मुलाला परत जागच्या जागी ठेवायला सांगा. पेल्याचा नुसता गोल उरतो हे बघून मुलं आधी हसतात, मग स्टुलावर चढून वरून बघतात, आणि तिथेच नकाशा म्हणजे काय ते अर्धं कळलेलं असतं. मग घराचं चित्र, मग वाडा म्हणजे आपली वस्ती, देऊळ, पोदेर (पाववाला) सायकल घेऊन येतो तो रस्ता. आमची खालच्या शेल्फवरची पुस्तकं ह्याच क्रमानं लावलेली आहेत, डावीकडून उजवीकडे, आणि आम्ही एका वेळी एकच देतो ते ह्यासाठी. काहींना हा हट्ट वाटतो, पण घाईत तीन नेलेली पुस्तकं न उघडता परत आलेली आम्ही बघितलीत.

मोठी मुलं स्केल, म्हणजे नकाशाचं प्रमाण, विचारतात. 2 सेंटीमीटरला 1 किलोमीटर धरलं तर उत्तर-दक्षिण साधारण 105 किलोमीटरचा गोवा 2 मीटरच्या वर जातो, म्हणजे बाबांपेक्षा उंच. दोरी कापून जमिनीवर मोजून दाखवा. जुन्या पुस्तकांत 11 तालुके दिसतील, धारबांदोडा नंतर झाला, तो मुलाला वेगळ्या कागदावर काढायला सांगा.

आणि जमलं तर रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीत पुस्तक घेऊन जा, नदीच्या मधोमध नकाशा फिरवून बघण्यासारखी दुसरी शाळा नाही. फक्त प्लास्टिकच्या पिशवीत न्या, पाणी उडतं.

शनिवारी 4 ते 6 दुकानात चटई टाकलेली असते, मुलाला घेऊन या, पहिला नकाशा आम्ही बरोबर बसून दिशेला लावून देतो, पैसे नाहीत. भिंतीवर काहीतरी पाहिजेच असेल तर तालुक्यांचा कोरा नकाशा काउंटरवर मागा, त्याच्या प्रती फुकट आहेत, तो मुलानं जमिनीवर रंगवून झाला की मग लावा.